सहा वाट्यांतला एक वाटा

मित्रांनो, मला ओळखायचं तर माझ्या डाव्या कुशीवरचा पोचा बघा. मुरबाडला जीपमधून उतरताना मी सावळारामबाबांच्या हातून निसटले, दगडावर आपटले आणि तो पोचा पडला. त्याला पंचवीसेक वर्षं झाली असतील. दोन लिटरची, कडीची, घट्ट झाकणाची ॲल्युमिनियमची किटली मी. वय झालंय, पण कडी अडकवायचे दोन्ही कान शाबूत आहेत. त्या कानांनी जे ऐकलं, तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मी आधी सपाट पत्रा होते, मग मला गरगर फिरवून गोल केलं, एवढंच आठवतं. जग पहिल्यांदा पाहिलं ते म्हसा गावच्या जत्रेत. एका बाजूला बैलांचा बाजार, दुसऱ्या बाजूला घोंगड्यांचे ढीग आणि मधे आमची भांड्यांची रास. सावळारामबाबा आले, त्यांनी मला उचललं, बोटाच्या पेराने टकटक वाजवलं आणि कानाशी धरलं.

"ही बोलते," ते म्हणाले आणि मला घेऊन गेले.

डोळखांबच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत त्यांचा पाडा. तिथे त्यांची एक म्हैस होती. पहाटे धार काढली की दूध माझ्यात ओतायचे. ताज्या धारेचं दूध कसं असतं माहीत आहे? नुकत्याच झोपेतून उठलेल्या बाळाच्या गालासारखं कोमट. ती ऊब माझ्या पोटभर पसरायची. मला वाटायचं, आता ही माझीच. पण जीप मुरबाडला पोहोचेपर्यंत दूध गार झालेलं असायचं. दूध तेवढंच, झाकण तसंच, एक थेंब सांडलेला नाही. मग ऊब गेली कुठे? कुठल्या वाटेने गेली? हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि पुढे कित्येक वर्षं माझ्या पोटात तसाच राहिला.

सावळारामबाबा थकले. म्हैस गेली. दूध गोळा करायला गाडी दारापर्यंत येऊ लागली आणि तिच्यात मोठमोठे कॅन असायचे. मला माळ्यावर टाकलं. माझ्यात खिळे आले, किल्ली हरवलेली कुलपं आली, दोऱ्याची रिळं आली. एका हिवाळ्यात तर उंदरीण व्याली. खोटं कशाला सांगू, ते दिवस बरे गेले. पाच पिल्लं, इवलीशी, पण उबदार. ती पळून गेल्यावर मी पुन्हा गार.

मला माळ्यावरून खाली आणलं ते गोदूने. गोदू ही सावळारामबाबांची सून. तिला अंगणवाडीत मदतनिसाचं काम लागलं होतं. अंगणवाडी आमच्याच मोठ्या पाड्यावर, पण खिंडीपलीकडे, ओहोळ ओलांडला की मोहाचा पाडा आहे. तिथली चौदा पोरं तीन-चार वर्षांची. खिंड चढून रोज यायचं त्यांच्या पायांत बळ नाही आणि आईबापांना कामावरून सवड नाही. म्हणून खिचडी मोठ्या पाड्यावर शिजायची आणि त्या चौदा पोरांची खिचडी गोदू घेऊन जायची. तिने मला राखेने घासलं, चिंचेने चकचकीत केलं, उन्हात पालथं घातलं. पोच्यावरून बोट फिरवून म्हणाली, "मामांजींची हाय. चालंल."

मला पुन्हा काम मिळालं. पण मित्रांनो, काम मिळालं म्हणून लगेच सुख मिळतं असं नाही.

हिवाळा लागला आणि मी मोहाच्या पाड्यावर गार खिचडी घेऊन पोहोचू लागले. गार खिचडी कशी होते ते तुम्ही घरी पाहिलं असेल. तिचा गोळा होतो, वरचं तेल पांढरं दिसतं, चमचा उभा राहतो. भावना नावाची चार वर्षांची पोर रांगेत पहिली बसायची. ती आधी बोट घालून बघायची. मग दोन्ही हात पाठीमागे नेऊन बसायची. तिचं बघून बाकीचे.

"खा गो माझी बाय. एक घास," गोदू म्हणायची.

भावना मान हलवायची.

मग उरलेली खिचडी पुन्हा माझ्यात. जाताना जड, येतानाही जड. भरलेलं परत येणं हे भांड्याला किती लागतं ते मी कसं सांगू. जेवायला वाढलेलं ताट पोराने तसंच सरकवलं की घरातल्या बाईचा चेहरा कसा होतो, तो आठवा.

एक दिवस तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी उरलेली खिचडी पाहिली, वही पाहिली. वाईट नव्हत्या त्या, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं.

"गोदूताई, पोरं खात नाहीत. अन्न वाया जातंय. महिनाअखेरीस मी पुन्हा येते. हेच चित्र असेल तर पुढच्या महिन्यापासून इथलं बंद. पोरांना मोठ्या पाड्यावर घेऊन या."

"येनार नायत बाई ती. एवढीएवढीशी हायत."

"मग काय करू, तुम्हीच सांगा."

गोदू मला घेऊन खिंड उतरली तेव्हा तिची पकड एवढी घट्ट होती की कडीचा वळ तिच्या बोटांवर उमटला.

गोदूची मुलगी नम्रता मुरबाडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. गणित हा तिचा विषय. त्याच आठवड्यात शेखरसरांनी वर्गाला गटाने करायचा प्रकल्प दिला होता. आपल्या आसपासची एखादी बदलत जाणारी गोष्ट घ्या, मोजा आणि तिचं डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे बदलाच्या वेगाचं समीकरण, मांडा. नम्रताच्या गटात प्रणय आणि ओमकार होते. अंगणवाडीला सुट्टी होती त्या दिवशी नम्रता मला पिशवीत घालून कॉलेजात घेऊन गेली, म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"कॉफी घेऊ," प्रणय म्हणाला. "गार होणारी कॉफी. पुस्तकात आयतं आहे."

"तू प्यायलायस कधी?" ओमकारने विचारलं.

"एकदा. कल्याणला. कडू होती."

"मग तिचं गार होणं तुला काय कळणार? तू तर टाकून आला असशील."

नम्रताने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "हिचं गार होणं घेऊ. मला ते कळायलाच हवंय." आणि तिने चौदा पोरांची गोष्ट सांगितली. प्रणयने माझा पोचा बघितला, झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाला, "कॉफीपेक्षा बरी आहे."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात नवलाचा दिवस तो. माझ्यात कढत पाणी ओतलं. झाकणाला एक बारीक भोक पाडलं (दुखलं नाही) आणि त्यातून थर्मामीटरची दांडी आत सोडली. भोकाच्या कडेला कणीक लावून ते बंद केलं. खोलीची हवा होती सव्वीस अंश, माझ्यातलं पाणी नव्वद. दर पाव तासाने नम्रता आकडा वाचायची, ओमकार लिहायचा. नव्वद. एकोणऐंशी. सत्तर. त्रेसष्ट. सत्तावन्न.

"आधी अकरा उतरले, मग नऊ, मग सात, मग सहा," ओमकार म्हणाला. "दमतेय की काय ही?"

शेखरसर मागे येऊन उभे होते. त्यांनी माझ्या अंगाला हात लावून पाहिला. "ती दमत नाही. तिचं आणि खोलीचं भांडण मिटत चाललंय. तुम्ही तिचा आकडा बघताय. तिच्यात आणि खोलीत फरक किती उरला, तो बघा."

तिघांनी पुन्हा आकडेमोड केली. नव्वदातून सव्वीस गेले, चौसष्ट. मग त्रेपन्न. मग चव्वेचाळीस. मग सदतीस. मग एकतीस. नम्रताने प्रत्येक आकड्याला त्याच्या आधीच्या आकड्याने भागून पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "सर, फरकाचे सहा वाटे केले, तर दर पाव तासाला एक वाटा जातो. दर वेळी सहातला एकच. फरक मोठा तेव्हा वाटा मोठा, फरक लहान तेव्हा वाटा लहान."

"हं. आता हेच तुमच्या भाषेत लिहा."

तिने फळ्यावर लिहिलं. गार होण्याचा वेग हा फरकाच्या प्रमाणात. एका ओळीचं समीकरण, त्यात एक छोटंसं अक्षर. त्याला ती के म्हणत होती. प्रत्येक भांड्याचा के वेगळा, म्हणे. जाड भांड्याचा लहान, पातळ भांड्याचा मोठा. मला स्वतःचं असं काही असतं हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पोचा सोडून.

आणि माझा जुना प्रश्न? तो अर्धा सुटला. ऊब चोरीला जात नव्हती. ती माझ्या अंगातून, झाकणातून, बुडातून आसपासच्या गारव्याकडे जात होती. जिथे कमी आहे तिथे जात होती. आईच्या हातचा खाऊ कसा, ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे आपोआप सरकतो, तशी.

आता गोदूची वाट मोजायची होती. नम्रताने घरी येऊन आईला विचारलं, "आये, मोहाच्या पाड्याला जायला किती वेळ लागतो?"

"पाऊन तास."

"नक्की?"

"इतकी वर्सं चालते. मला ठाव नाय काय?"

"वाटेत कुठं थांबतेस?"

"नाय गो. कुठं थांबू? पोरा वाट बघतात."

झालं, नम्रताने हिशेब मांडला. माझ्यात खिचडी भरताना शहाऐंशी अंश. बाहेरची हवा वीस. फरक सहासष्ट. अर्ध्या तासात ओहोळापाशी मी सहासष्ट अंशांवर असायला हवी आणि पाऊण तासात पाड्यावर अठ्ठावन्नवर. अठ्ठावन्न म्हणजे गरमच. बोट घातलं तर चटका नाही, पण ऊन ऊन.

"मग पोरं का खात नाहीत?" हिशेब ऐकून प्रणय फोनवर म्हणाला. "लाड असतील."

नम्रताने फोन ठेवून दिला.

गोदूला थर्मामीटर दिला. तिने तीन ठिकाणी आकडा वाचून कागदावर लिहायचा होता: निघताना, ओहोळापाशी आणि पाड्यावर. गोदूची अक्षरं मोठी, ठळक, एकेका आकड्याला एकेक ओळ. तीन दिवस तिने लिहिलं आणि तिन्ही दिवस जवळजवळ तेच आलं. शहाऐंशी. एक्कावन्न. पंचेचाळीस.

चौथ्या दिवशी दुपारी प्रणय आणि ओमकार जीपने आमच्याकडे आले. ओट्यावर तिघं बसली. मी बाजूलाच, नुकतीच मोहाच्या पाड्यावरून आलेली, पोटात उरलेली खिचडी. कागद मधे होता. सहासष्टच्या जागी एक्कावन्न.

"थर्मामीटर बिघडला," प्रणय म्हणाला.

"मग ओहोळापासून पुढचं बरोबर कसं येतं?" नम्रता म्हणाली. "एक्कावन्नचं गणित केलं तर पाड्यावर शेहेचाळीस हवेत. पंचेचाळीस आलेत. एक अंश वाऱ्याचा धरला तरी जुळतं. पहिल्या अर्ध्या तासातच काहीतरी होतंय."

ओमकारने आवाज खाली आणला. "शनिवारी द्यायचंय. मी म्हणतो, एक्कावन्नचे सहासष्ट करू, पंचेचाळीसचे अठ्ठावन्न. दोनच आकडे. सर काय खिंडीत येऊन बघणार आहेत? आलेख सरळ येईल, मार्क पडतील, विषय संपला."

मी सगळं ऐकत होते. मला ठाऊक होतं खिंडीत काय होतं ते. रोज माझ्यासमोरच व्हायचं. पण माझं तोंड झाकणाचं. ते उघडल्याशिवाय माझ्यातून काही निघत नाही आणि उघडलं तरी निघते ती वाफ.

"ओमकार," नम्रता म्हणाली, "आपण अठ्ठावन्न लिहिले, तर त्याचा अर्थ खिचडी गरम पोचते. मग गार कोण म्हणतं? माझी आई म्हणते. मग खोटी कोण?"

ओमकारने खोडरबर खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी नम्रता कॉलेजात गेली नाही. ती आईबरोबर निघाली. मी गोदूच्या हातात, थर्मामीटर नम्रताच्या हातात आणि फोनमधलं घड्याळ दुसऱ्या हातात. पाव तासात आम्ही खिंडीत पोचलो. माझ्यात चौऱ्याहत्तर अंश होते. गणित पंचाहत्तर सांगत होतं. एक अंश वारा. अगदी बरोबर.

खिंडीत वाघदेव आहे. शेंदूर लावलेला एक उभा दगड, त्यावर पुसटशी वाघाची आकृती. शिजलेलं अन्न घेऊन जाणारं माणूस त्याच्यापुढून झाकण न उघडता जात नाही. आमच्या भागात ही रीतच आहे. गोदूने मला त्याच्यासमोरच्या गार दगडावर ठेवलं. झाकण काढलं. पळसाचं पान तोडलं, माझ्यातली चमचाभर खिचडी त्यावर वाढली. नम्रतानेही हात जोडले. लहानपणापासून तिने हे पाहिलं होतं. पण गोदू उठली नाही. ती तिथेच बसली आणि बोलायला लागली.

"देवा, चौदा हायत. भावनाचा खोकला बरा हाय आता, पन खात नाय. शकू चालायला लागली नीट. पायात काटा होता, काढला. धाकलूचा बाप आला कामावरनं, दोन दिस ऱ्हाईल. त्याच्याबरूबर पाठव नको पोराला…"

असं एकेका पोराचं. कोण हसलं, कोणाच्या डोक्यात फोड आलाय, कोणाची आई माहेरी गेलीय. चौदाच्या चौदा नावं, घाई नाही. खिंडीत वारा भणाणत होता. माझं तोंड आभाळाकडे उघडं, बूड गार दगडावर. वाफ निघत होती आणि वाघदेवाच्या अंगावरून पलीकडे जात होती.

नम्रताने आधी आईकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग थर्मामीटर माझ्यात धरला. ती आकडे उतरताना बघत राहिली. सत्तर. सदुसष्ट. त्रेसष्ट. जवळजवळ एका नावाला एक अंश. मधेच थांबवावं असं तिला वाटलं असणार, तिचे ओठ हलले होते. पण सात नावं झाली होती, सात राहिली होती. उरलेल्या सातांना कसं टाकायचं?

चौदावं नाव झालं तेव्हा पाव तास झाला होता आणि माझ्यात अठ्ठावन्न अंश उरले होते.

"आये," नम्रता चालता चालता म्हणाली, "तू तर म्हनालीस, कुठं थांबत नाय."

"मंग थांबले कुठं?"

"आता नाय का आपण…"

"ते काय थांबनं झालं? देवाला सांगायला लागतं. पोरा त्याच्या रानात ऱ्हातात."

गोदू खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी चालणं पाऊण तासाचं होतं आणि देवाशी बोलणं हे वेळेत धरायची गोष्टच नव्हती. तुमची आई तुम्हाला किती वेळ कुशीत घेते असं तिला विचारलं तर ती काय मिनिटं सांगेल?

दुपारी पुन्हा ओटा, पुन्हा तिघं. नम्रताने सगळं सांगितलं. ओमकारने कागदावर नवी रेघ काढली. पहिला पाव तास सावकाश उतार, मग एकदम कडा, मग पुन्हा सावकाश. कड्यापाशी त्याने बारीक अक्षरात लिहिलं: वाघदेव.

"सोपं आहे," प्रणय म्हणाला. "तिथलं बंद करायचं."

"तू सांग," नम्रता म्हणाली.

गोदू दारात बसून सुपात तांदूळ पाखडत होती. प्रणयने तिच्याकडे पाहिलं. गोदूने वर पाहिलं. प्रणयला एकाएकी आपल्या चपलेचा अंगठा फार महत्त्वाचा वाटू लागला.

शेवटी नम्रता उठून आईपाशी बसली. सुपातले दोन खडे वेचले. "आये, देवाचा वाटा इथंच काढला तर? भरायच्या आधी. वेगळा, पळसाच्या पानात बांधून. तू तिथं बस, सगळ्यांची नावं सांग, हवा तेवढा वेळ. फक्त किटली उघडायची नाय."

गोदूचं सूप थांबलं. "त्याचं गार होईल ना."

गोदू उठली, माझ्यापाशी आली आणि माझं झाकण काढलं. आत सकाळच्या खिचडीचा गोळा होता, भावनाच्या एका बोटाची खूण असलेला. गोदू त्या खुणेकडे बघत राहिली.

"तो मोठा हाय," ती म्हणाली. "गार खाईल. पोरा खानार नाय."

मग ओमकारला सुचलं, आणि मी त्याच्यावरचा सगळा राग विसरले. "आमच्याकडे आंब्याची अढी घालतात ना, पेंढ्यात. दोन दिवसांनी आत हात घातला तर गरम लागतं. पेंढा ऊब धरून ठेवतो. हिला पेंढ्यात घालू."

तिघं कामाला लागली. बांबूची एक टोपली, तिच्या तळाला आणि भोवती भाताचा पेंढा, दाबून, पण फार नाही. मधे मी. वरून गोदूच्या जुन्या लुगड्याची चौघडी. मला एवढं कुणी कधी गुंडाळलं नव्हतं. आत अंधार होता, पेंढ्याचा गोडसर वास होता. मी लहान असते तर झोपले असते.

पुढल्या सकाळी शहाऐंशी अंशांवर निघालो. वाघदेवापुढे गोदूने पान सोडलं, बसली, चौदा नावं सांगितली. एकही गाळलं नाही. मला वाटतं, त्या दिवशी थोडी जास्तच बोलली. नम्रता टोपलीवर हात ठेवून शेजारी बसली होती. मग ओहोळ, मग पाडा. लुगडं काढलं, पेंढा बाजूला केला, झाकण उघडलं.

वाफ आली. इतकी की नम्रताला आकडा दिसेना. तिने थर्मामीटर पुसून आकडा वाचला. अडुसष्ट.

"आधी सहा वाट्यांतला एक जात होता," ती स्वतःशीच म्हणाली. "आता तेरा वाट्यांतला एक."

ते कुणी ऐकलं नाही, कारण सगळे भावनाकडे बघत होते. तिच्या ताटात खिचडी वाढली. तिने नेहमीसारखं बोट घातलं आणि चटकन काढलं. बोटाकडे बघितलं. हात पाठीमागे जातील असं मला वाटलं. पण तिने गाल फुगवले आणि खिचडीवर फुंकर मारली. एक. दोन. तीन. मग पहिला घास. तिचं बघून शेजारची शकू फुंकायला लागली, मग धाकलू, मग सगळी रांग. चौदा तोंडं, चौदा फुंकरा, नुसता फू-फू आवाज. एकाने दुसऱ्याच्या ताटात फुंकलं म्हणून भांडणही झालं.

मी रिकामी झाले. चमच्याने खरवडून, अगदी कडेपर्यंत.

प्रकल्प शनिवारी दिला. ही गोष्ट नम्रताने घरी आईला सांगितली, मी ऐकली. शेखरसरांनी आलेखावर बोट ठेवून विचारलं, हा कडा कसला? नम्रताने सांगितलं. सरांनी विचारलं, समीकरणात कसा बसवला? ती म्हणाली, दोन तुकडे केले सर, झाकण बंद असतानाचा एक आणि उघडं असतानाचा एक, दोन्हींचा के वेगळा. सरांनी कागदावरचे आकडे पुन्हा वरून खाली वाचले. मग म्हणाले, "आकडे खरे दिसतात." एवढंच. पण नम्रताने ते वाक्य आईला तीनदा सांगितलं.

महिनाअखेरीस तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी ताटं पाहिली, मला उचलून आत पाहिलं, टोपलीतला पेंढा चाचपून पाहिला. "हे काय केलंत गोदूताई?"

"पोरीचं गनित हाय," गोदू म्हणाली.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे. इथंच चालू राहू दे."

मित्रांनो, आता माझं एक मागणं आहे. तुमच्या घरच्या माळ्यावर माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल, कडी वाजणारं, पोचा पडलेलं. त्याला भंगारात घालण्याआधी एकदा पेराने वाजवून कानाशी धरा. ते अजून बोलत असेल. आणि घरातलं कुणी रोजच्या वाटेवर कुठे बसतं, कुणाशी बोलतं, कुणाची नावं घेतं, ते त्याच्याबरोबर चालून बघा. ते बंद पाडू नका. त्याला हवा तेवढा वेळ द्या. फक्त जे गरम पोचायला हवं, त्याच्यावर झाकण ठेवा.

आणि माझा तो जुना प्रश्न, ऊब जाते कुठे? त्याचा उरलेला अर्धा मला मोहाच्या पाड्यावर कळला. जेवण झालं की पोरं हात धुऊन येतात. हिवाळ्यात ओहोळाचं पाणी बर्फासारखं असतं, बोटं आखडलेली असतात. मी रिकामी, पण अंगाने अजून कोमट. भावना आधी येते, दोन्ही तळवे माझ्या कुशीवर ठेवते, नेमके पोच्यावर. मग शकू, मग धाकलू, मग जागेसाठी ढकलाढकली. नम्रताचं समीकरण सांगतं की मी भरभर गार होत असेन. मला मोजायची गरज वाटत नाही. ऊब कुठे चाललीय ते मला दिसत असतं.